दुसऱ्याचा धर्म पटत नाही, तरी एका सभागृहात नांदायचं कसं?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात असा: वसाहतीत दोन धर्मांची कुटुंबं आहेत आणि सामाईक सभागृह एकच. आठवड्यातून एकदा तिथे एका गटाची सामूहिक प्रार्थना होते, दुसऱ्या गटाचे उत्सव आणि गायनाचे कार्यक्रमही तिथेच होतात. आधी आवाजावरून कुरबुर झाली, मग ग्रुपवर फॉरवर्डचा मारा सुरू झाला, आणि आता कार्यकारिणीपुढे ठराव येतोय की प्रार्थना सभागृहात नको. नऊ सदस्यांपैकी सात एका धर्माचे, दोन दुसऱ्या. तुम्ही सातांतले. 'सगळे धर्म शेवटी एकच सांगतात' असं म्हणून तुम्ही समजूत घालायला गेलात आणि दोन्हीकडून बोलणी खाऊन आलात. शेवटी तुम्ही विचारता, मला स्वतःलाच त्यांच्या श्रद्धा पटत नाहीत, मग सहिष्णुता दाखवणं हे ढोंग नाही का?

मी गेली बावीस वर्षं धर्मगटांमधल्या तंट्यांत मध्यस्थी करते. कोणते दोन धर्म हे तुम्ही लिहिलं नाहीत, ते बरं केलंत. वाचताना मी मनातल्या मनात तीन-चार जोड्या बसवून पाहिल्या आणि उत्तर फारसं बदललं नाही. ते बदलतं दोन गोष्टींनी: संख्या कुणाची जास्त, आणि सभागृहाची किल्ली कुणाकडे. तुमच्याकडे दोन्ही एकाच बाजूला आहेत असं दिसतंय. पुढचं सगळं ते धरून लिहिते.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत. एक तुमच्या मनातला, एक सभागृहातला. आधी मनातला घेते, कारण तो सुटला नाही तर बैठकीत तुमची जीभ अडखळेल.

सहिष्णुता हा शब्द 'सह्' धातूवरून आलाय, सहन करणे. आवडतं ते कुणी सहन करत नाही, त्याचा आनंद घेतो. ज्याचं आपल्याला काहीच वाटत नाही तेही कुणी सहन करत नाही, त्याकडे लक्षच जात नाही. समोर न पटणारं, थोडं खुपणारं असेल तेव्हाच या शब्दाला काम मिळतं. म्हणजे त्यांच्या श्रद्धा पटत नसताना तुम्ही त्यांच्या प्रार्थनेची जागा राखलीत, तर त्यात ढोंग कुठे आलं? पटत नसताना 'पटतं' म्हणणं हे ढोंग. आणि राग मानू नका, पण ते तुम्ही वेगळ्याच जागी केलंत: 'सगळे धर्म एकच सांगतात' म्हणालात तेव्हा.

हे वाक्य मीसुद्धा पहिली काही वर्षं सर्रास वापरायचे. एका तणावाच्या काळात आम्ही मोठा कार्यक्रम घेतला होता. पाच वक्ते, प्रत्येकाने आपल्या धर्मातलं शांतीचं वचन सांगितलं, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. खुर्च्या आवरत असताना एक वयस्कर गृहस्थ जवळ आले आणि म्हणाले, "ताई, कार्यक्रम छान झाला. पण माझा धर्म त्यात कुठे होता? कुणालाच टोचणार नाही एवढाच भाग तुम्ही मंचावर आणलात. मी जगतो तो उरलेल्या भागावर." मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. पण माणूस बरोबर बोलत होता. श्रद्धाळू माणसाला 'तुझं आणि त्याचं एकच' हे सांगणं म्हणजे 'तुझ्या धर्मात वेगळं असं काही नाही' हे सांगणं. तो दुखावतो, आणि समोरचाही त्याच कारणाने दुखावतो. दोन्ही बाजू तुमच्यावर चिडल्या त्या यामुळेच.

एकनाथांचं 'हिंदू-तुर्क संवाद' हे भारूड सोळाव्या शतकातलं. त्यात दोघं एकमेकांच्या देवाधर्माची यथेच्छ उणीदुणी काढतात, कुणी हातचं राखत नाही. आलिंगन येतं ते अगदी शेवटी, भांडून झाल्यावर. आपले बहुतेक सद्भावना कार्यक्रम आलिंगनापासून सुरू होतात आणि तिथेच संपतात.

न पटण्यासकट एकत्र राहता येतं का, असं कुणी विचारलं की मी नायजेरियातल्या कडुनाचं उदाहरण देते. १९९२ च्या ख्रिश्चन-मुस्लिम हिंसाचारात पाद्री जेम्स वुये यांचा उजवा हात गेला. इमाम मुहम्मद अशाफा यांचे गुरू आणि नात्यातले दोन भाऊ मारले गेले. दोघंही आपापल्या बाजूच्या लढणाऱ्या तरुणांत होते, एकमेकांचा सूड घ्यायच्या गोष्टी करत होते. १९९५ मध्ये त्यांची गाठ पडली आणि पुढे दोघांनी मिळून मध्यस्थीचं केंद्र उभं केलं. लगेच मनं जुळली असं समजू नका. प्रवासात एका खोलीत झोपायची वेळ आली की उशीने याचा श्वास कोंडावा असं मनात येऊन जायचं, हे वुये यांनी स्वतःच नंतर सांगितलंय. एक आजही पाद्री आहे, दुसरा इमाम. कुणी आपला दावा सैल केला नाही. सुरुवातीची कित्येक वर्षं त्यांनी एकमेकांवर विश्वास नसतानाच एकत्र काम केलं, आणि विश्वास त्या कामातून आला.

तेव्हा मनात काय आहे याची फार चौकशी करत बसू नका, तुमच्या किंवा त्यांच्या. सभागृहाचं बघू.

कुठल्याही अशा तंट्यात माझं पहिलं काम म्हणजे भांडण धर्मावरून खाली उतरवून वस्तूवर आणणं. जागा, वेळ, आवाज, रस्ता, पाण्याचा नळ, गाड्या लावायची जागा, साफसफाई. 'ते लोक असेच' या वाक्याच्या मागे यातलं काय आहे ते खोदून काढायचं. कधीकधी खोदून काहीच निघत नाही, नुसता द्वेषच असतो, तेही मान्य. पण माझ्या अनुभवात बहुतेक वेळा वस्तू निघते, आणि ती हास्यास्पद वाटावी इतकी लहान असते.

एक प्रसंग सांगते. असंच सामाईक दालन, एका गटाची सभा संपली की दुसऱ्या गटाचा गायनाचा सराव. तक्रार अशी की पहिले लोक मुद्दाम वेळ खातात. पहिल्यांची तक्रार अशी की दुसरे दाराशी येऊन उभे राहतात, आमचा अपमान करतात. दोन वर्षं हे चाललं होतं, मधे एकदा धक्काबुक्कीही झाली. मी दोन वह्या आणल्या, दोन्ही बाजूंना एकेक दिली आणि चार आठवडे फक्त वेळा लिहायला सांगितल्या: किती वाजता संपलं, किती वाजता दालन रिकामं झालं. शेरे नाहीत, फक्त वेळा. महिन्याने वह्या शेजारी शेजारी ठेवल्या तर एकाच दिवसाच्या नोंदी जुळेनात. एकजण म्हणाला, "बघा, खोटं लिहितात." दुसरीकडची एक मुलगी मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. तिने फोन काढला आणि शेजारी धरला. भिंतीवरचं घड्याळ सहा मिनिटं मागे होतं. पहिला गट भिंतीवरच्या घड्याळावर चालायचा, दुसरा फोनवर. ज्या अकरा मिनिटांवरून एवढं रामायण झालं त्यातली सहा घड्याळाची होती. उरलेली पाच गुडघेदुखीवाल्या म्हाताऱ्यांची, जे सावकाश उठायचे. शेवटी दोन कार्यक्रमांच्या मधे पंधरा मिनिटं मोकळी ठेवली आणि घड्याळ बदललं.

सगळे तंटे घड्याळाचे नसतात, हे मला कळतं. काही वेळा आवाज हाच उपासनेचा भाग असतो, मिरवणुकीचा रस्ता हाच तिचा अर्थ असतो, तिथे 'थोडं हळू करा' म्हणणं म्हणजे 'थोडी कमी श्रद्धा ठेवा' म्हणण्यासारखं ऐकू जातं. उत्तर आयर्लंडमध्ये प्रोटेस्टंट संघटनांच्या मिरवणुका कॅथलिक वस्त्यांवरून जाण्यावरून वर्षानुवर्षं रक्त सांडलं. १९९८ च्या कायद्याने तिथल्या मिरवणूक आयोगाला अटी घालण्याचे अधिकार मिळाले: मार्ग कुठला, वेळ कुठली, वाद्यं कुठे वाजवायची. त्यातली एक नेहमीची अट मला फार आवडते. दुसऱ्या पंथाच्या चर्चसमोरून जाताना संगीत बंद, फक्त पावलं जुळवण्यापुरता ड्रमवर एकेक ठोका. मिरवणूक अडवली नाही, रस्त्यावरचा हक्क कुणाचा याचा निवाडा केला नाही, एवढंच पाहिलं की खिजवण्यासाठी वाजवता येऊ नये. वाद त्यानेही संपले नाहीत, बऱ्याच ठिकाणी दोन्ही बाजू नाराज राहिल्या. तरी 'बंद' आणि 'चालू' यांच्या मधे अशी एखादी जागा असते का, हे तुमच्या सभागृहात शोधून पाहा. ध्वनिक्षेपकाशिवाय, दारं लावून, ठरावीक खिडकीकडे तोंड करून, असं काहीतरी निघतं. मात्र ते ज्यांची उपासना आहे त्यांच्या तोंडून निघू द्या. तुम्ही सुचवलंत की ती सूट होते, त्यांनी सुचवलं की त्यांचा शब्द होतो.

आता तो ठराव. माझा स्पष्ट सल्ला: तो मतदानाला जाऊ देऊ नका. अध्यक्षांना आजच भेटा.

कारण सांगते. सात विरुद्ध दोन हा निकाल बैठकीआधीच लागलेला असतो. लिफ्टची दुरुस्ती, रंगकाम, पाण्याची टाकी यावर बहुमत ठीक, कारण आज अल्पमतात असलेला उद्या दुसऱ्या विषयात बहुमतात असतो. धर्माच्या प्रश्नावर तसं होत नाही. तेच दोघं कायम हरणार, आणि त्यांना ते ठाऊक असतं. मग ते बैठकीला येणं सोडतात, आणि बाकीचे म्हणतात, 'बघा, त्यांना रसच नाही.'

युरोपात ही गोष्ट कळायला तीस वर्षांचं युद्ध लागलं, १६१८ ते १६४८. ते संपवणाऱ्या वेस्टफालियाच्या तहांपैकी ओस्नाब्रुकच्या तहात दोन युक्त्या आहेत, त्या मी अजूनही वापरते. पहिली: पवित्र रोमन साम्राज्याच्या, म्हणजे मुख्यतः जर्मन संस्थानांच्या, सभेत धर्माचा प्रश्न आला की बहुमताने निर्णय घ्यायचा नाही. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट सदस्यांनी वेगवेगळं बसायचं, आपसात ठरवायचं आणि मग दोन्ही गटांनी सलोख्याने तोड काढायची. संख्या कितीही कमी-जास्त असो. दुसरी युक्ती तर मला अजूनही चकित करते. कुठलं देवस्थान कुणाचं, कुठे कुणाची उपासना चालायची, यावर कोण खरा हे ठरवायच्या फंदात ते पडलेच नाहीत. त्यांनी एक तारीख पकडली, १ जानेवारी १६२४. त्या दिवशी जिथे जे चालू होतं, ते तिथे तसंच चालू राहील. बस्स.

तुमच्याकडे याचा अर्थ असा: भांडण पेटण्याआधीचा एक दिवस पकडा, समजा दोन वर्षांपूर्वीचा. त्या दिवशी सभागृह कोण, कधी, कसं वापरत होतं ते दोन्ही बाजूंकडून लिहून घ्या. बोलणी होईपर्यंत तसंच चालू ठेवायचं, नवी बंदीही नाही आणि नवा वाढीव कार्यक्रमही नाही. याने डोकी थंड होतात. पण यातली खोच लक्षात ठेवा. अशी तारीख त्या दिवशीचा अन्यायही गोठवून ठेवते. १६४८ च्या तहाने कॅथलिक, आणि प्रोटेस्टंटांपैकी ल्यूथरन व कॅल्व्हिनपंथी, एवढ्या तिघांनाच मान्यता दिली, बाकीचे छोटे पंथ उघड्यावरच राहिले. तेव्हा तुमच्या वसाहतीत कुणी त्या तारखेनंतर राहायला आलं असेल, किंवा एखादं कुटुंब तिसऱ्याच धर्माचं असेल, किंवा कुठलाच धर्म न मानणारं असेल, तर त्यांना विसरू नका. अशा वादांत ते गप्प बसतात आणि कंटाळून जातात.

बैठकीत एक वाक्य नक्की येईल: 'इतकी वर्षं आम्ही चालवून घेतलं.' ते आलं की तिथेच थांबा. चालवून घेणारा उद्या चालवून घेणं बंद करू शकतो, हे त्या वाक्यातच आहे. फ्रान्समध्ये चौथ्या हेन्रीने १५९८ मध्ये नांतचा फतवा काढून प्रोटेस्टंटांना उपासनेची मुभा दिली. सत्त्याऐंशी वर्षं ती टिकली. १६८५ मध्ये त्याच्याच नातवाने, चौदाव्या लुईने, एका हुकुमाने ती काढून घेतली आणि सुमारे दोन लाख माणसं देश सोडून गेली, त्यात विणकर होते, घड्याळजी होते, सैनिक होते. राजाने दिलेली मुभा राजाने घेतली, तक्रार कुणाकडे करणार? जॉर्ज वॉशिंग्टनने १७९० मध्ये न्यूपोर्टच्या ज्यू मंडळींना लिहिलेल्या पत्रात याच मुद्द्यावर बोट ठेवलं होतं, की एका वर्गाच्या मेहेरबानीने दुसऱ्याला हक्क मिळतात अशी भाषाच आता नको. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या अठराव्या कलमात उपासना हा हक्कच म्हटलाय, एकट्याने आणि इतरांसोबत, खाजगीत आणि उघडपणे.

म्हणून नियम लिहाल तेव्हा त्यात कुठल्याही धर्माचं नाव येऊ देऊ नका. 'रहिवाशांच्या सामूहिक कार्यक्रमाला आठवड्यातून इतके तास, आवाज इतक्या वाजेपर्यंत, नंतर स्वच्छता ज्याची त्याने' एवढंच. मग तो नियम आधी तुमच्या उत्सवाला लावून वाचा, नंतर त्यांच्या प्रार्थनेला. एकीकडे वाचताना घशाशी आलं तर नियम चुकलाय.

इथे एक कबुली द्यायची आहे, कारण मध्यस्थीवाल्यांच्या गोष्टी नेहमी गोड शेवटाच्या असतात. काही वर्षांपूर्वी मी एक समझोता घडवून आणला होता. एका बाजूला चाळीसेक कुटुंबं, दुसऱ्या बाजूला सहा. बैठक शांत झाली. सहा कुटुंबांतर्फे आलेले दोघं फारसं बोलले नाहीत, प्रत्येक मुद्द्याला मान हलवली, सही केली. मी खूश. तीन महिन्यांनी चौकशी केली तर सहापैकी चार कुटुंबं घरं सोडून गेली होती. त्यांची गप्प मान मी होकार समजले होते. खरं तर त्यांनी त्या बैठकीआधीच जायचं ठरवलं होतं, सही केली ती सुखरूप जाता यावं म्हणून. त्या कागदावर साक्षीदार म्हणून माझीही सही आहे. तेव्हापासून मी लहान गटाला आधी वेगळी भेटते, त्यांच्या घरी, आणि एकच प्रश्न विचारते: 'इथे राहायचंय ना?' उत्तर येईपर्यंत संयुक्त बैठक नाही.

याच कारणासाठी काही ठिकाणी माझ्यासारखीला बोलावूच नये. कुणाला धमकी दिली गेली, मारहाण झाली, धर्मामुळे घर नाकारलं, किंवा घरातल्याच कुणी धर्म बदलला वा वेगळ्या धर्मात लग्न केलं म्हणून त्यांच्यावर दबाव येतोय, तर तिथे 'दोन्ही बाजू समजून घ्या' म्हणणं हा मार खाणाऱ्याचा अपमान आहे. तिथे पोलीस आणि वकील लागतात. सलोख्याच्या नावाखाली तक्रार मागे घ्यायला लावणारे मध्यस्थ मी पाहिलेत. त्यांच्यापासून जपून राहा.

आता ग्रुपचं. मला विचाराल तर निम्मं भांडण तिथलं आहे. सम्राट अशोकाच्या बाराव्या शिलालेखात, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, सगळ्या पंथांच्या वाढीचं मूळ म्हणून एकच गोष्ट सांगितलीय: 'वचिगुति', वाणीचा संयम. प्रसंग नसताना आपल्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा करू नका, प्रसंग असला तरी सौम्यपणे करा, कारण असं करणारा शेवटी स्वतःच्याच पंथाचं नुकसान करतो. बोलूच नका असं तो म्हणत नाही. ग्रुपच्या ॲडमिनला मी हेच सांगेन: धर्माविषयी बंदी नको, पण हा ग्रुप पाण्याच्या टँकरसाठी आहे, इथे प्रसंग नाही.

आणि अफवेची तयारी आधी करा, ती यायच्या आधी. आमची पद्धत साधी आहे. प्रत्येक बाजूचा एक माणूस निवडायचा, शक्यतो मध्यमवयीन, ज्याला कुणी 'विकला गेलाय' म्हणणार नाही असा. दोघांकडे एकमेकांचा नंबर. काही खबर आली की दोघांनी मिळून जागेवर जायचं आणि मिळूनच कळवायचं, एकट्याने नाही. एकदा रात्री साडेनऊला निरोप फिरला की गटारात धर्मग्रंथाची फाडलेली पानं सापडलीत. फोटोही होता, ओल्या कागदावर त्या गटाच्या ग्रंथाची लिपी. वीस मिनिटांत दोघं तिथे पोचले, टॉर्च मारून पानं काडीने बाहेर काढली आणि वाचली. एका औषधाच्या दुकानाची जुनी दरसूची होती. लिपी तीच, मजकूर खोकल्याच्या औषधाचा. गर्दीतल्या बहुतेकांना ती लिपी वाचताच येत नव्हती, ज्यांना येत होती ते फोटोवर विसंबले होते. दोघांनी शेजारी उभं राहून तोच कागद हातात धरून व्हिडिओ केला, आणि लोक घरी गेले. त्यांच्यातल्या एकाने एकट्याने हे सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं, याबद्दल मला शंका नाही.

तुम्ही प्रश्नाच्या शेवटी सुचवलंय की मुलांच्या मिश्र संघांचे सामने घ्यावेत, मनं जवळ येतील. घ्या, पण अपेक्षा बेतात ठेवा. सल्मा मूसा या संशोधिकेने इराकमध्ये नेमकं हेच तपासलं, २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं. इस्लामिक स्टेटच्या अत्याचारांतून विस्थापित झालेल्या ख्रिश्चनांचे फुटबॉल संघ होते. काही संघांना जादा खेळाडू मुस्लिम दिले, काहींना ख्रिश्चनच, आणि कुणाला कोण हे नशिबावर सोडलं. मिश्र संघांत खेळलेले ख्रिश्चन पुढे मुस्लिम खेळाडूंसोबत सराव करायला, पुढच्या हंगामात मिश्र संघात नाव द्यायला जास्त तयार झाले. मैदानाबाहेर मात्र तो परिणाम तेवढा पोचला नाही. अनोळखी मुस्लिमांमध्ये जाऊन बसायची वेळ आली तेव्हा ते पूर्वीसारखेच बिचकले. माझंही निरीक्षण असंच आहे. माणूस शेजारच्या सलीमला किंवा सुरेशला किंवा सॅमला अपवाद ठरवतो आणि बाकीच्यांबद्दलचं मत जसंच्या तसं ठेवतो. तरीही मी म्हणते, अपवाद वाढवा. अफवेच्या रात्री फोन करता येईल असा एक अपवादसुद्धा कामाला येतो. फक्त संघांत बरोबरीने घ्या. सगळे खेळाडू एकीकडचे आणि पाणी आणणारी मुलं दुसरीकडची, असलं मिश्रण नको.

राहिली पहिली बैठक. सगळ्यांना एकदम बोलावू नका. सातही जणांचं एकच मत आहे असं धरूनही चालू नका, आत दोन-तीन तट असणारच, आणि बहुतेक वेळा सर्वांत मोठ्या आवाजात बोलणाऱ्याला समोरच्या धर्मापेक्षा स्वतःच्याच बाजूचा प्रतिस्पर्धी जास्त सलत असतो. अकबराने १५७५ मध्ये फत्तेपूर सिक्रीला इबादतखाना, म्हणजे धर्मचर्चेचं दालन, बांधला तेव्हा सुरुवातीला तिथे फक्त मुस्लिम विद्वानच येत होते. तरी भांडण जुंपलंच, आणि तेही धर्मतत्त्वावरून नव्हे, कोण कुठे बसणार यावरून. शेवटी कुठल्या गटाने कुठल्या दिशेला बसायचं हे नेमून द्यावं लागलं. इतर धर्मांचे लोक आले ते त्यानंतर काही वर्षांनी. म्हणून आधी आपल्या सातांशी बोला, मग त्या दोघांना त्यांच्या घरी भेटा, मग दोन्हीकडचे दोन-दोनच जण बसवा. खुर्च्या गोलात ठेवा म्हणजे मानाची जागा कुठली हा प्रश्न येत नाही. कागदावर 'सभागृह वापराचं वेळापत्रक' एवढाच विषय लिहा, 'धार्मिक सलोखा' लिहू नका, नाहीतर पहिला तास भाषणांत जाईल. त्या दोघांनी पहिल्या दिवशी काहीच सुचवलं नाही तर घाई करू नका, तारीख पुढची घ्या.

आणि बैठक सुरू करण्याआधी भिंतीवरचं घड्याळ सगळ्यांच्या फोनशी लावून घ्या.